कोकणातून हवामानशास्त्राच्या एम.एस्सी.कडे: विद्यापीठ कोणते निवडावे, तयारी कशी करावी?

सुरंगी

नमस्कार. मी रत्नागिरीत भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घर हर्णैच्या बाजूला आहे. घरची थोडी हापूसची कलमे आहेत आणि काकांची मासेमारीची होडी आहे, त्यामुळे वर्षातले बाराही महिने घरातले बोलणे वारा, मळभ आणि पाऊस यांच्याभोवतीच फिरते. पदव्युत्तर शिक्षण हवामानशास्त्रातच घ्यायचे हे मी ठरवले आहे आणि घरच्यांचीही त्याला संमती आहे.

जाणकारांकडून मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पुणे, कोची आणि विशाखापट्टणम ही तीन नावे वारंवार पुढे येतात, त्यांच्या शिकवण्यात खरा फरक कोणता? या अभ्यासात गणित किती आणि कोणत्या प्रकारचे लागते? तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इशारा येतो तो संपूर्ण जिल्ह्यासाठी, पण एकाच दिवशी हर्णैला जेमतेम शिडकावा होतो आणि खेडला नदी धोक्याच्या पातळीवर जाते. हा फरक ज्याने समजेल असे काही विद्यापीठात प्रत्यक्ष शिकवले जाते का, की तिथे केवळ संपूर्ण देशाचा मोसमी पाऊस शिकवतात?

तिवर

सुरंगी, मी मूळचा गुहागर तालुक्यातला. कोचीला एम.एस्सी. केले आणि सध्या पुण्यात संशोधन करतो आहे. तुमचा तिसरा प्रश्न मलाही सर्वांत महत्त्वाचा वाटतो, पण त्याचे उत्तर पहिल्या दोन प्रश्नांतून जाते, म्हणून क्रमाने लिहितो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण आणि अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. त्याचे मोठे बळ आजूबाजूच्या संस्थांमध्ये आहे. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, जी १९६२ साली सुरू झाली. हवामान विभागाचे हवामानबदल, कृषी हवामान आणि उपकरणे यांचे मोठे विभाग शहरातच आहेत, आणि खात्याच्या नव्या कर्मचाऱ्यांना शिकवणारी प्रशिक्षण संस्थाही पुण्यातच आहे. १९२८ पासून १९४४ पर्यंत हवामान विभागाचे मुख्यालयच पुण्यात होते, त्यामुळे ग्रंथालये आणि जुन्या नोंदी यांची जी श्रीमंती इथे आहे ती अन्यत्र सहज मिळत नाही. एम.एस्सी.चा प्रकल्प करताना याचा फार उपयोग होतो.

कोची विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात हवामानशास्त्र हे सागरी विज्ञानाच्या सोबतीने शिकवले जाते आणि विषयाकडे समुद्राच्या अंगाने पाहण्याची सवय लागते. आपल्या किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्याला हे जवळचे वाटते. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा पश्चिमेचा जोरदार वारा जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सर्वांत वेगवान असतो. भारतीय द्वीपकल्पावरचा हा निम्नस्तरीय झोत १९६६ साली पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी दाखवून दिला, आणि पुढे जोसेफ सरांनी कोचीच्या याच विद्यापीठात अनेक वर्षे काम केले. विद्यापीठाच्या आवारात २०५ मेगाहर्ट्झचे एक रडार आहे, जे डोक्यावरच्या वाऱ्याचा वेध सतत घेत असते. पुस्तकातला तो झोत जूनच्या पहिल्या आठवड्यात पडद्यावर बळावताना पाहणे हा माझ्या शिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग होता.

विशाखापट्टणमचा आंध्र विद्यापीठातला विभाग जुना आणि नावाजलेला आहे. तो बंगालच्या उपसागराच्या काठावर आहे आणि चक्रीवादळे हा तिथला रोजच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. याखेरीज बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि दिल्लीची आय.आय.टी. आहेत, पण तिथला ओढा संशोधनाकडे अधिक आहे.

आता गणिताविषयी. घाबरण्याचे कारण नाही, मात्र टाळण्याचा मार्गही नाही. वातावरणाची गतिकी म्हणजे फिरत्या गोलावरच्या प्रवाही पदार्थाला लावलेले न्यूटनचे नियम. त्यासाठी सदिश कलन आणि आंशिक विकलक समीकरणे हाताखालची असावी लागतात. दुसरा खांब उष्मागतिकी, तिसरा प्रारण (रेडिएशन), आणि या तिन्हींवर उभे असते ते नकाशावाचन, ढगांचे भौतिकशास्त्र आणि संगणकीय अंदाज. संख्याशास्त्र बी.एस्सी.ला झाले नसेल तर आतापासून सुरुवात करावी. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी हार्वर्डला उपयोजित गणितात डॉक्टरेट केली आणि पुढे मोसमी पावसाच्या अभ्यासाची दिशाच बदलली. मोसमी पाऊस म्हणजे विषुववृत्ताजवळच्या ढगांच्या पट्ट्याचे हंगामी स्थलांतर आहे, हे त्यांनी हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्यासोबत १९८० साली उपग्रहांच्या चित्रांवरून मांडले. गणिताचा भक्कम पाया असलेला माणूस या विषयात किती पुढे जाऊ शकतो हे त्यांच्या कामावरून दिसते.

उंडी

मी किनाऱ्यावरच्या एका वेधशाळेत निरीक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. विद्यापीठातल्या शिक्षणाविषयी तिवर यांनी लिहिलेच आहे. मी फक्त निरीक्षणाविषयी लिहितो, कारण अलीकडे कामाला येणाऱ्या हुशार मुलांना समीकरणे उत्तम येतात, पण तापमापी वाचता येत नाही.

पांढऱ्या झडपांची जी लाकडी पेटी आपण वेधशाळेच्या आवारात पाहतो, तिचे दार उत्तरेकडे उघडते, म्हणजे वाचताना ऊन तापमापीवर पडत नाही. दार उघडले की आधी दशांश वाचायचा आणि मग पूर्ण अंश, कारण आपल्या श्वासाने आणि अंगाच्या उष्णतेने पारा चढायला वेळ लागत नाही. शेजारच्या ओल्या तापमापीच्या फुग्यावर मलमलीची चिंधी असते आणि तिची वात पाण्याच्या भांड्यात सोडलेली असते. देशावरच्या वेधशाळेत ही मलमल बरेच दिवस चालते. आपल्याकडे वाऱ्यासोबत खार येतो आणि तो कापडावर बसतो. खारट कापडातून पाणी नीट उडत नाही, तापमान पुरेसे उतरत नाही आणि हवा आहे त्याहून दमट असल्याची नोंद होते. कोरडी तापमापी ३० अंश आणि ओली २६ अंश असताना ओलीचे वाचन अर्ध्या अंशाने चुकले, तर सापेक्ष आर्द्रता तीन ते चार टक्क्यांनी चुकते. संगणकात जाणारा आकडा शेवटी याच चिंधीवर अवलंबून असतो, म्हणून मलमल वेळच्या वेळी बदलणे आणि भांड्यात शुद्ध पाणीच घालणे हे काम मी कधीही दुसऱ्यावर सोपवले नाही.

पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते आणि ती मागच्या चोवीस तासांची असते. वर्तमानपत्रात 'आज शंभर मिलिमीटर' असे छापून येते, त्यातला बराचसा पाऊस प्रत्यक्षात काल पडलेला असतो. आकडेवारीवर काम करणाऱ्याने ही गोष्ट मनात पक्की ठेवली पाहिजे.

अखंड नोंदीचे महत्त्व सांगण्यासाठी अलिबागचे उदाहरण देतो, जरी ती वेधशाळा पृथ्वीच्या चुंबकत्वाची आहे आणि हवामानाची नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय मापन अलिबागला हलवायचे ठरले. तेव्हा १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या आणि मगच जुन्या जागेचे काम थांबवले. जागा बदलली तरी मालिका तुटू नये यासाठी केवढी काळजी घेतली, हे तिथे जाऊन पाहण्यासारखे आहे.

आमराई

मी कृषी पदवीधर आहे आणि आमचे काम दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यांशी जोडलेले आहे. सुरंगीताई, तुमच्या घरची कलमे आहेत म्हणून कृषी हवामानशास्त्राची वाटही सांगते. या शाखेच्या एम.एस्सी.ला सहसा कृषी पदवी लागते, त्यामुळे तुमच्यासाठी ती थेट उघडी नसेल. पण वातावरणशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे या प्रश्नांवर काम करता येते आणि तशा माणसांची आम्हांला खरोखर गरज आहे.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज मिळतो आणि त्यावरून बागायतदाराला काय करावे ते सांगायचे असते. पाऊस लांबला की जमिनीतला ओलावा टिकून राहतो, झाडाला पुन्हा पालवी येते आणि मोहोर मागे पडतो. थंडी पडून मोहोर आला आणि लगेच मळभ आले की तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग वाढतो. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये एकाएकी उकाडा वाढला की वाटाण्याएवढी, सुपारीएवढी झालेली फळे गळून जातात. या प्रत्येक टप्प्यावर बागायतदाराचा प्रश्न एकच असतो, की आज फवारणी करू की दोन दिवस थांबू? फवारणीनंतर काही तासांत पाऊस आला तर औषध, मजुरी आणि वेळ तिन्ही वाया जाते. असे असताना तालुक्याच्या एका टोकाला लागू पडणारा अंदाज दुसऱ्या टोकाला लागू पडत नाही, ही तुमची तक्रार आमचीही आहे.

गलबत

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी विदाविज्ञानात (डेटा सायन्स) काम करतो आणि थोडे वेगळे मत मांडतो. २०२३ साली गूगल डीपमाइंडच्या ग्राफकास्टने दाखवून दिले की, जुन्या नोंदींवर शिकवलेले यंत्र दहा दिवसांचा जागतिक अंदाज मिनिटभरात देऊ शकते. युरोपच्या मध्यम मुदतीच्या अंदाज केंद्राने २०२५ मध्ये अशी प्रणाली रोजच्या कामात घेतली. हे पाहता दोन वर्षे समीकरणे सोडवण्यापेक्षा संगणकशास्त्र किंवा विदाविज्ञानात एम.एस्सी. करून हवामानाच्या विदेवर काम करणे अधिक शहाणपणाचे ठरणार नाही का? नोकरीच्या संधीही त्यात अधिक आहेत.

तिवर

गलबत, आपला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि सुरंगी यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच निघते, म्हणून सविस्तर लिहितो.

ही यंत्रे ज्या विदेवर शिकली ती युरोपीय केंद्राची पुनर्विश्लेषित विदा आहे, म्हणजे जुनी निरीक्षणे आणि संगणकीय प्रतिमान (मॉडेल) यांची सांगड घालून नकाशाच्या प्रत्येक चौकटीसाठी तयार केलेल्या नोंदी. तिच्या चौकटीची बाजू पाव अंशाची, म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण २७ किलोमीटरची आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून आंबा घाटाच्या माथ्यापर्यंतचे सरळ अंतर पन्नासेक किलोमीटर आहे. समुद्र, सडा (कातळाचे पठार), खाडी, खोरे आणि सह्याद्रीचा कडा हे सगळे त्या विदेत अवघ्या दोन चौकटींत बसवलेले असते. हजार मीटरचा कडा तिथे कडा राहतच नाही, एक सौम्य चढ होतो. जे विदेतच नाही ते यंत्र शिकणार कुठून?

भौतिक समीकरणांवर चालणाऱ्या प्रतिमानांनाही हीच अडचण आहे, पण तिथे ती सोडवण्याचा मार्ग दिसतो. चौकट बारा किलोमीटरची असली म्हणजे बारा किलोमीटरची घडामोड दिसते असे नव्हे. एखादी रचना नीट उमटायला साधारण सहा-सात चौकटी लागतात, म्हणजे सत्तर-ऐंशी किलोमीटर. कोकणाची रुंदीच त्याहून कमी आहे. पुण्याच्या संस्थेत विकसित झालेली आणि मे २०२५ मध्ये देशाला अर्पण झालेली भारत अंदाज प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीवर चालते. त्यामुळे हे अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास येते, आणि ही सुधारणा खरोखर मोठी आहे. तरीही हर्णै आणि खेड यांतला फरक सांगायला एक-दोन किलोमीटरची प्रतिमाने, जवळचे रडार आणि दाट पर्जन्यमापक लागतील. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतच असलेल्या कुलाब्याला जेमतेम ७४. एकाच शहरात एवढा फरक पडू शकतो, तर अख्ख्या जिल्ह्याला इशाऱ्याचा एकच रंग देऊन भागणार नाही हे उघड आहे.

म्हणून माझे मत असे आहे की, विदाविज्ञान जरूर शिकावे, पण हवामानशास्त्राच्या ऐवजी नव्हे. आपल्या किनाऱ्याचे प्रश्न नेमके तिथे आहेत जिथे जागतिक विदा विरळ होते, आणि तिथे यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला वाऱ्याचे आणि ढगाचे भौतिकशास्त्र जाणणारा माणूसच लागतो. कोकणातल्या मुलामुलींनी या विषयात यावे असे मी मनापासून म्हणतो ते याच कारणासाठी.

सुरंगी

तिवरदादा, उंडीकाका, आमराईताई आणि गलबत, मनापासून आभार. चौकटींचा हिशेब वाचून बऱ्याच गोष्टी उलगडल्या. एक शंका विचारते, कारण हाच विषय पुढे शिकायचा आहे. मे महिन्यात आमच्याकडे घामाने जीव नकोसा होतो, हवेत बाष्प भरपूर असते, वाराही समुद्राकडूनच असतो आणि सह्याद्री तर जागच्या जागी आहे. मग तो पाऊस जूनपर्यंत का थांबतो?

तिवर

हा प्रश्न एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात टेफिग्राम नावाच्या, उंचीनुसार हवेचे तापमान आणि ओलावा दाखवणाऱ्या आलेखावर सोडवायला देतात. तो इथेच सोडवून पाहू, म्हणजे अभ्यासाचे स्वरूपही लक्षात येईल.

हवा वर चढू लागली की ढग होण्याआधी ती दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. ढगाचा तळ किती उंचीवर तयार होईल हे काढायची एक सोपी रीत आहे: तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो) यांतला फरक अंशांत घ्यायचा आणि त्याला १२५ मीटरने गुणायचे. जुलैमध्ये तापमान २८ आणि दवबिंदू २५ धरला तर उत्तर ३७५ मीटर येते. सह्याद्रीचा माथा याच्या दुपटीहून उंच आहे, म्हणून वाऱ्याने ढकललेली हवा अर्ध्या वाटेतच ढग होते. मेमध्ये दुपारचे तापमान ३३ आणि दवबिंदू २५ धरा. आता उत्तर १००० मीटर येते, म्हणजे ढग व्हायला हवेला जवळजवळ माथ्यापर्यंत चढावे लागते.

पण हे निम्मेच उत्तर झाले. मेमधला दमट थर उथळ असतो, आणि त्याच्या वरच्या बाजूला हळूहळू खाली उतरणारी उबदार, कोरडी हवा झाकणासारखी असते. तयार झालेला ढग त्या थरात शिरला की कोरड्या हवेत विरतो. किनाऱ्यावरचा खारा वाराही दिवसाचा असतो, रात्री तो पडतो आणि पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा, सुटतो. जूनमध्ये वर सांगितलेला पश्चिमेचा झोत बळावतो, दमट थर कित्येक किलोमीटर जाड होतो आणि किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार होऊन हवा समुद्रावरच वर चढू लागते. म्हणूनच जुलैत मोठा पाऊस पुष्कळदा घाटमाथ्यावर न पडता किनाऱ्यावरच कोसळतो. तो पट्टा आज उत्तरेला आहे की दक्षिणेला, यावर हर्णैला शिडकावा की मुसळधार हे बऱ्याच अंशी ठरते.

गलबत

हे विवेचन वाचून माझे मत बरेच बदलले. एक व्यावहारिक प्रश्न मात्र राहतो, तो नोकरीचा. त्याविषयीही स्पष्ट लिहावे, कारण बाहेरगावी दोन वर्षे शिकवण्याचा खर्च कोकणातल्या घराला हलका नसतो.

तिवर

योग्य प्रश्न आहे. हवामान विभागातल्या वैज्ञानिक सहायक पदांची भरती कर्मचारी निवड आयोगामार्फत होते आणि तिला भौतिकशास्त्रासह बी.एस्सी. पुरते, पण ती दरवर्षी निघत नाही. २०१७ नंतर ती थेट २०२२ साली निघाली. केवळ तिच्या भरवशावर राहू नये. हवाई दलात हवामान शाखा आहे आणि तिथे मुलींनाही अधिकारी म्हणून प्रवेश आहे. संशोधनाकडे जायचे असेल तर पृथ्वी, वातावरण आणि सागर विज्ञानाची नेट परीक्षा आहे. हैदराबादचे सागरी माहिती केंद्र लाटांचे अंदाज आणि मासळीच्या संभाव्य क्षेत्रांचे सल्ले देते, गोव्यात ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. पवनऊर्जा, विमा आणि खासगी अंदाज देणाऱ्या कंपन्यांतही माणसे घेतात. तिथे मात्र पायथन या संगणकभाषेवर हात बसलेला हवा, आणि मोठी प्रतिमाने अजूनही फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत आहेत हे विसरू नये.

सुरंगी, विद्यापीठाबाबत माझा सल्ला असा की कोची आणि पुणे या दोन्हींच्या प्रवेशपरीक्षा द्याव्यात. समुद्र आणि चक्रीवादळे यांकडे ओढा असेल तर कोची घ्यावे. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले तेव्हा तुमच्या भागातल्या माडा-पोफळींचे काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे, अरबी समुद्रावर काम करणाऱ्यांची गरज वाढतच जाणार आहे. घाटातला पाऊस आणि ढग यांकडे ओढा असेल तर पुणे. पुण्याच्या संस्थेची महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर प्रत्यक्ष ढगात उभे राहून मोजमाप करण्याची अशी संधी फारच थोड्या ठिकाणी मिळते.

सुरंगी

मी दोन्हीकडे अर्ज करते. सदिश कलनाची उजळणी आजच सुरू केली. उंडीकाका, परीक्षेपर्यंत घरच्या आवारात पर्जन्यमापक ठेवून रोज नोंद करायचा विचार आहे. जागा कशी निवडावी?

उंडी

उघड्या, सपाट जागी ठेव, आणि काठ जमिनीपासून ३० सेंटीमीटरवर बरोबर आडवा आहे ना ते पाणसळीने पाहून घे. जवळच्या माडाची किंवा घराची जेवढी उंची असेल त्याच्या निदान दुप्पट अंतर सोड. सड्याच्या अगदी कडेला ठेवू नकोस, तिथे वारा वर उसळतो आणि थेंब तोंडावरून उडून जातात. खाली कातळ असेल तर भोवती गवत लाव, म्हणजे उसळलेले थेंब आत पडणार नाहीत. वेळ सकाळी साडेआठचीच ठेव. रात्रभर मुसळधार असेल आणि भांडे भरून वाहील अशी शंका आली तर मधेच उठून मोजायचे, तो आकडा वेळेसह लिहायचा आणि सकाळच्या आकड्यात मिळवायचा. पाऊस नसेल त्या दिवशी रकाना कोरा सोडू नकोस, तिथे शून्य लिही.